दहा बोटांचा कागद

चोरी तुमच्या घरात झालीय, साहेब. माल तुमच्याच लोखंडी कपाटात आहे आणि तो माझ्या आज्ज्याचा आहे. तुम्ही कोण ते तुम्हाला बरोबर माहीत आहे, माझ्या चार अर्जांवर तुमचेच शिक्के आहेत. एकावर 'उपलब्ध नाही', एकावर 'संबंधित नाही', दोन 'पुढे पाठवले'. पुढे म्हणजे कुठं, ते लिहायची तसदी कुणी घेतली नाही. म्हणून आता अर्ज नाही. आता एका दिवसाची गोष्ट सांगते. आमच्या माणसांना तुम्ही रात्र-रात्र उकिडवं बसवलंत, तुम्ही घटकाभर खुर्चीत बसून ऐका.

मी नववीत होते. सकाळी अकराला प्रार्थनेसाठी रांगेत उभी राहिले, तेव्हा आप्पाला पोलिसांनी उचलून एकोणीस तास झाले होते.

सोमवारी रात्री गावातल्या सराफाच्या दुकानाची काच कुणीतरी काढली आणि चांदीची भांडी नेली. मंगळवारी आप्पा आठवडी बाजारात पाटा टाकवत बसला होता, आई शेजारीच होती. जात्या-पाट्याची धार गेली की टाकी आणि हातोडीनं दगड पुन्हा खडबडीत करायचा, हा आमचा धंदा. आम्ही टकारी. चार वाजता दोन शिपाई आले. आप्पानं विचारलं, "काय झालं जी?" एकानं बखोट धरलं, दुसऱ्यानं टाकी लाथेनं उडवली. संध्याकाळी आई चौकीवर भाकरी घेऊन गेली, तर दारातूनच हाकलली, "असा कुणी हितं न्हाई." सकाळी तिनंच माझी वेणी घातली.

"मी नाय जात आज," मी म्हटलं.

"जायचं. जाताना तुझा बाप तेवढंच बोलला. पोरीची शाळा बुडवू नगं."

शाळेत कुणाला काही ठाऊक नव्हतं. त्या गावात आम्हाला दोनच वर्षं झाली होती आणि शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा धंदा म्हणून मी 'गवंडी' लिहिलं होतं. गवंडी बरा. गवंड्याच्या पोरीचं दप्तर कुणी तपासत नाही.

त्या दिवशी कायदा साक्षरतेचा कार्यक्रम होता. हेडमास्तर चौगुले सरांनी प्रार्थनेनंतर जाहीर केलं, "आज पुस्तकं बंद. आधी इतिहास, मग कायदा, मग गुन्ह्याचं शास्त्र."

"आणि शेवटच्या तासाला फाशी," माझ्या शेजारची तस्लीम पुटपुटली. एरवी मी हसले असते.

इतिहासाला आमचेच बिराजदार सर होते. दमेकरी माणूस. हळू बोलायचे, पण वर्ग गप्प असायचा. त्यांनी फळ्यावर १८७१ लिहिलं आणि खडू खाली ठेवला.

"या साली इंग्रजांनी एक कायदा केला. त्यात गुन्हे लिहिले नव्हते. जाती लिहिल्या होत्या."

"मग चोरी कुठली, सर?" पुढच्या बाकावरून कुणीतरी.

"कुठलीच नाही. त्या जातीत जन्मलास, झाला गुन्हा. पुढं अशा माणसांना तारेच्या कुंपणात ठेवलं. दिवसातून दोनदा-तीनदा हजेरी. परगावी जायचं तर चिठ्ठी. आणि प्रत्येकाच्या दहा बोटांचे ठसे सरकारजमा." मग त्यांनी एकेक नाव वाचायला सुरुवात केली. पारधी, कैकाडी, भामटा, टकारी...

टकारी म्हटल्याबरोबर मागच्या बाकांवर बोटं वाजली. टक टक, टक टक. पोरं फिदीफिदी हसली. माझे दोन्ही हात बाकाखाली गेले.

सर थांबले. "वाजवा की. थांबलात का? त्या टकटकीशिवाय तुमच्या घरी पुरण वाटलं गेलं नसतं."

आमच्या घरात 'आज्जा तारेत होता' असं म्हणायचे, तेही आवाज खाली घेऊन. त्याचा अर्थ तुरुंगात होता असाच मी समजत आले होते. काहीतरी केलं असणार. दोन वर्षांपूर्वी तो गेला तोवर मी त्याला एकदाही विचारलं नाही, कारण उत्तराची भीती होती. तो कधी कधी आपली बोटं न्याहाळत बसायचा आणि म्हणायचा, "पंधरा वर्साचा हुतो. साहेबानं धाच्या धा बोटं काळी केली. धुतली, पर शाई गेलीच न्हाई."

माझा हात वर गेला. "सर, त्या लोकांनी आधी काय केलं होतं?"

"कुठल्या?"

"तारेतल्या."

"तारेतच जन्मलेलं पोर," सर म्हणाले, "काय करून जन्मलं असेल? तूच सांग."

मी खाली बसले. आज्ज्यानं काही केलेलं नव्हतं. हे कळायला मला चौदा वर्षं लागली आणि तेही शाळेच्या बाकावर कळलं.

कायद्याला मंगरूळे वकीलबाई आल्या. लूनावरून उतरल्या, काळा कोट पिशवीतून काढला, झटकला, घातला आणि थेट विचारलं, "पोलिसांनी माणूस धरला की आधी काय करतात?"

"मारतात!" अख्खा वर्ग.

"त्याच्या आधी?"

"शिव्या देतात!"

बाई हसल्या नाहीत. "त्याच्या आधी कारण सांगावं लागतं. वकिलाला भेटू द्यावं लागतं. आणि चोवीस तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं. सबब चालत नाही."

मी घड्याळाकडं पाहिलं. एकाला दहा कमी. मंगळवारचे चार ते आजचे चार.

"बाई," मी उठले, "धरलंच नाही म्हणाले तर? वहीत नावच लिहिलं नाही तर चोवीस तास कुठून मोजायचे?"

बाईंनी माझ्याकडं नीट पाहिलं. "हा प्रश्न कुणी सांगितला तुला?"

"कुणी नाही. सहज."

"सहज, होय? बरं. मग बाहेरच्या माणसानं आत जाऊन विचारायचं. आतल्याला विचारता येत नाही. नाव, कधी नेलं, कुठून नेलं. या तीन गोष्टी मोठ्यानं सांगायच्या, चार लोकांदेखत. मग मोजणी सुरू होते." पिशवी उचलत त्या म्हणाल्या, "कुणाला अजून काही सहज विचारायचं असेल तर मी सुट्टीत ऑफिसात आहे."

सुट्टीत मी ऑफिसच्या दारापर्यंत गेले. आत चौगुले सर वकीलबाईंना चहा देत होते आणि त्यांच्या मागच्या कपाटात आमचे फॉर्म होते. गवंडी. मी परत फिरले.

तस्लीमनं डबा उघडला. "खा गं. अम्मीची लसणाची चटणी. पाट्यावरची आहे, मिक्सरची नाही."

"भूक नाही."

"मग हातांवर का बसलीस? थंडी वाजते?"

मी कोपरानं डबा तिच्याकडं सरकवला.

तिसऱ्या तासाला आवटे साहेब आले. ठसे तपासणारे, जिल्ह्याच्या ब्युरोतले, रिटायरमेंटला आलेले. सराफाच्या काचेसाठी त्यांना सकाळी बोलावलं होतं. चौगुले सरांच्या ओळखीतले म्हणून जाता जाता शाळेत आणले. त्यांनी पेटीतून मऊ ब्रश काढला, काळी भुकटी काढली, पाण्याच्या ग्लासावर फिरवली आणि चौगुले सरांचा अंगठा सगळ्या वर्गाला दाखवला. पोरं येडी झाली.

"खोटं बोलतं ते तोंड," साहेब म्हणाले. "बोट बोलत नाही. आज सकाळी तुमच्या सराफाच्या काचेवर मला तीन बोटं मिळाली. इतकी स्वच्छ की रेघा मोजून घ्या."

"चोर सापडला, साहेब?"

"चौकीत कुणी बसवलाय म्हणे. मी अजून बघितला नाही. फौजदार सांगत होते, पक्का सराईत आहे, बोटं घासून गुळगुळीत करून आलाय. रात्रभर विचारलं, पण बोलत नाही."

वर्ग खो-खो हसला. आमच्या गावच्या चौकीत कसं विचारतात ते शेंबड्या पोराला ठाऊक होतं. मीही दात दाखवले, साहेब. हेही लिहून ठेवते. माझ्या बापाला रात्रभर त्याच्या बोटांसाठी मारला, हे मला भर वर्गात कळलं आणि ओळखू येऊ नये म्हणून मी हसले.

मग साहेबांनी शाईची गादी काढली आणि एकेकाला बोलावलं. तस्लीम गेली, नाचत परत आली. "बघ, माझ्या अंगठ्यात गोगलगाय बसलीय!"

"तिच्या शेजारची," साहेबांनी बोट दाखवलं. "ये, लाजू नको."

मी गेले. साहेबांनी अंगठा गादीवर फिरवला, कागदावर टेकवला. कागदावर काळा गोल उमटला. वरच्या कडेला दोन-चार तुटक रेघा, बाकी नुसता डाग.

"दाबलास जास्त. पुन्हा."

पुन्हा तेच. साहेबांनी भिंग काढलं, माझा पंजा उलटा केला. सातवीपासून मी सुट्टीच्या दिवशी आप्पाच्या समोर बसून पाटा धरायचे, दगडाचा चुरा तळहातानं पुसायचे, हलकी टाकी मीच मारायचे.

"हातानं काय करतेस, पोरी?"

"भांडी घासते, साहेब."

"राखेनं बोट असं जात नाही. राखेनं गेलेलं बोट आठवड्यात परत येतं." भिंग तळहातावर सरकलं. "हा दगड आहे. घरी दगडाचं काम कोण करतं?"

भिंतीवर तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. गवंडी म्हटलं असतं तर भागलं असतं. गवंडीही दगड धरतो. साहेब मान हलवून पुढच्याला बोलावणार होते. तोंडात 'ग' आलाही होता. पण काचेवर तीन स्वच्छ बोटं होती, आणि त्याचा अर्थ या वर्गात माझ्याएवढा कुणालाच समजलेला नव्हता.

"लिंबाजी सिद्राम," मी मोठ्यानं म्हटलं. "काल मंगळवारी चार वाजता. आठवडी बाजारातून."

"काय?"

"नाव, कधी नेलं, कुठून नेलं. चौकीतला तुमचा सराईत, साहेब. तो माझा आप्पा आहे. त्यानं बोटं घासली नाहीत. तो पाटे टाकवतो. आम्ही टकारी आहोत. गवंडी नाही."

मागून एकच बोट वाजलं. टक.

तस्लीम गर्रकन वळली. "वाजव रे, अजून वाजव! तुझी आई दर सणाला आमचा पाटा मागून नेते ना? तो हिच्या अब्बानं टाकवलाय. अम्मी म्हणते असा हात तालुक्यात नाही." मग माझ्याकडं बघून, "आणि तू गं झूटी! दोन वर्षं माझी चटणी खाल्लीस आणि मला गवंडी सांगितलंस?"

दारातून चौगुले सर आत आले. "सगुणा, बाहेर ये. सरकारी फॉर्मवर खोटं लिहिलंस तू?"

बिराजदार सर त्यांच्या मागंच उभे होते. धाप लागलेली, पण आवाज करडा. "सर, फॉर्म उद्याही इथंच आहे. तो माणूस चारनंतर कुठं असेल ते सांगता येत नाही. मी वकीलबाईंना बोलावतो, त्या अजून ऑफिसातच आहेत."

आवटे साहेब मात्र कागदावरच्या माझ्या काळ्या डागाकडं बघत होते. त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि वर्गाला विचारलं, "काचेवरच्या बोटांना रेघा होत्या. या माणसाच्या बोटांना नाहीत म्हणतात. म्हणजे काय?"

पुढच्या बाकावरून, "म्हणजे तो नाही, साहेब."

"शाबास. तास संपला." त्यांनी पेटी बंद केली.

चौकीत पोचलो तेव्हा चारला दहा कमी होते. वकीलबाई, आवटे साहेब आणि मी. बिराजदार सर मागून पायी येत होते, थांबत, खोकत.

"लिंबाजी सिद्राम कुठं आहे?" बाईंनी उंबऱ्यातूनच विचारलं.

फौजदार हसले. "कोण लिंबाजी? बाई, चुकून आलात. असा कुणी इथं नाही."

आवटे साहेबांनी खुर्ची ओढली. "सकाळी तुम्हीच मला सांगितलंत, फौजदारसाहेब. बोटं घासलेला. आणा त्याला, मी शाई घेऊनच आलोय."

आप्पाला मागच्या खोलीतून आणला. चालताना तो पाय पूर्ण टेकवत नव्हता. बोटं सुजून भोपळ्याच्या देठासारखी झाली होती आणि त्यांच्यावर रुळाचे वळ होते. त्याला मी दिसले आणि त्याचा चेहरा एकदम कडक झाला.

"शाळा बुडवलीस?"

"न्हाई आप्पा. शेवटचा तास हितं हाय."

आवटे साहेबांनी त्याचं एकेक बोट तान्ह्या पोराचं धरावं तसं धरलं. "दुखतंय?"

"न्हाई जी."

कागदावर दहा काळे गोल उमटले. एकातही रेघ नव्हती.

"बघा," फौजदार म्हणाले, "घासलेली म्हटलं ना मी? सराईतच."

"घासलेल्या बोटावर ओरखडे दिसतात, आणि तेही टोकाला. याचा तळहात बघा. पार मनगटापर्यंत झिजलाय." साहेबांचा आवाज पहिल्यांदा चढला. "एका चोरीसाठी कुणी वीस वर्षं तळहात घासत बसतं काय हो?"

त्यांनी त्याच कागदाखाली लिहिलं, 'दगडकामाने झिजलेली बोटे. काचेवरील ठसे या इसमाचे असणे शक्य नाही.' खाली सही आणि वेळ, तीन छप्पन्न. बाईंनी कागद फौजदारांपुढं सरकवला. "नोंद वहीत करा. आणि डॉक्टरला बोलवा, ही बोटं काल बाजारात अशी नव्हती. त्याचा अर्ज मी आत्ताच लिहिते."

डॉक्टर येऊन गेले, आप्पाला सोडलं, तोवर पाच वाजले. मग आम्ही पाचजण पायऱ्यांवर बसलो. आप्पाला पाणी पाजलं. आवटे साहेब उगाच पेटीचा खटका उघडत-मिटत होते.

"वडील तारेत होते का?" त्यांनी विचारलं.

"व्हय जी. सिद्राम सटवा. तिथंच जलमले. गिरणीत सूत जोडायचे. तार निघाली, मंग टाकी घेतली हातात."

"आमच्या ब्युरोत जुनी लोखंडी कपाटं आहेत. तारेतल्या लोकांची कार्डं. नोकरीला लागलो तेव्हा मीच नंबर लावले होते. त्यांचंही असेल."

"अजून आहेत?" मी विचारलं. "कायदा तर गेला. बावन्न साली गेला, सर म्हणाले."

"कायदा गेला. कार्डं फेकायचा हुकूम काही आला नाही." साहेब खाली बघत म्हणाले. "दहाही बोटं असतील. स्वच्छ."

आप्पा आपल्या सुजलेल्या हातांकडं बघत राहिला. मग लहान पोरासारखं त्यानं विचारलं, "म्हंजे माझ्या बाच्या बोटांस्नी रेघा हुत्या?"

बिराजदार सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

काचेवरची तीन बोटं कुणाची, ते महिन्याभरानं गावाला कळलं. त्या माणसाची जात मी लिहिणार नाही. तो धंदा तुमचा.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. बिराजदार सरांनी फॉर्म पुढं ठेवला, 'गवंडी' खोडून मी 'टाकीकाम' लिहिलं आणि त्यांनी खाली सही केली. संध्याकाळी तस्लीमची अम्मी डोक्यावर पाटा घेऊन आमच्या पालाशी आली. म्हणाली, घाई नाही, बोटं बरी होऊ देत. तिच्यामागं आणखी दोन बाया होत्या. महिनाभर आप्पाला टाकी धरता आली नाही, तोवर मी धरली. आणि मागच्या बाकावरचा तो टकटक करणारा एक दिवस आपल्या घरचं जातं सायकलवर घालून आला आणि मान वर न करता म्हणाला, "आईनं दिलंय."

दहावीनंतर माझी शाळा संपली. पुढचं मी मंगरूळे बाईंच्या ऑफिसात झाडू मारता मारता वाचलं, रद्दीत काढलेल्या कायद्याच्या पुस्तकांतून. अर्ज कसा करायचा ते तिथंच शिकले. आज वस्तीतली तेरा पोरं माझ्याकडं वाचायला बसतात, आणि त्यांच्या फॉर्मवर कुणीही गवंडी लिहीत नाही. पण परवा रेशनच्या दुकानात मशीननं आप्पाला सांगितलं, अंगठा जुळत नाही. माझाही जुळला नाही.

कसा जुळेल, साहेब? आमच्या घराण्यात बोटाची मूळ रेघ कुठं शिल्लक असेल तर ती तुमच्या कपाटात आहे. सिद्राम सटवा, वय वर्षे पंधरा. गुन्ह्याचा रकाना कोराच असेल.

आप्पा आता थकलाय. त्याला एकदा ती रेघ बघायची आहे. तो कागद कुठं आहे? जाळला असेल तर कुणाच्या हुकमानं जाळला? ठेवला असेल तर कुठल्या गुन्ह्यासाठी अजून ठेवलाय?

उत्तर द्या. आणि त्याखाली सही नको, शिक्का तर नकोच. अंगठा उठवा. रेघा मोजायला मी शाळेत शिकलेय.